पडलेल्यांचे पान

निवडणुकीत हरलेल्या माणसासाठी मराठी भाषेने जी क्रियापदे राखून ठेवली आहेत, त्यांत दयामाया फारशी नाही. तो 'पडतो'. जरा जोरात पडला तर 'आपटतो'. एकूण वैध मतांचा एक षष्ठांश वाटाही त्याच्या पदरात आला नाही, तर त्याची अनामत रक्कम 'जप्त' होते. जणू काही बिचाऱ्याने ती कोणाच्या घरातून चोरूनच आणली होती! कोणत्याही जुन्या नगरपालिकेच्या सभागृहात डोकावून पाहा. भिंतीवर एक फळा असतो आणि त्यावर माजी नगराध्यक्षांची नावे, त्यांच्या कारकिर्दीच्या सालांसह, सुबक अक्षरांत रंगवलेली असतात. त्यांच्याविरुद्ध उभे राहून पडलेल्यांचा फळा मी अजून कोठे पाहिलेला नाही.

तेव्हा आजचा प्रश्न असा की, अशा पडलेल्या उमेदवाराला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद मिळावी काय? ऐन दिवाळीत काढण्याजोगा हा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. पण चिवड्याचे बोकाणे भरता भरता आपल्या घरांतून राजकारणाखेरीज दुसरे काय निघते? शिवाय ज्ञानकोश ही वस्तू आता पूर्वीसारखी काचेच्या कपाटात राहिलेली नाही. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, आणि आज शाळकरी पोरगेही खिशातून फोन काढून कोणाचे नाव कोशात आहे आणि कोणाचे नाही, हे बसल्या जागी सांगते. 'नाव कोशात असणे' ही गोष्ट पूर्वी विद्वानांच्या कुतूहलाची होती. आता ती घराण्याच्या अब्रूची होऊ पाहत आहे.

पहिल्या झटक्यात कोणीही म्हणेल, की हरलेला तो हरलेला. त्याची कसली नोंद? असे म्हणणाऱ्याने १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतला मुंबई शहर उत्तर हा एकच मतदारसंघ पाहावा. ह्या मतदारसंघातून तेव्हा दोन सभासद निवडावयाचे होते. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. निवडून आले काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. आणि पडले कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. श्रीपाद अमृत डांगे. आता ह्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून सांगा, कोश कोणत्या यादीतून काढावयाचा? राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, घटना अमलात येऊन दोन वर्षे होत आहेत तोच, तिच्याखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडतो. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तो पुन्हा पडतो. काजरोळकर हे समाजकार्य केलेले गृहस्थ होते, त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. पण आज सामान्य वाचकाला त्यांचे नाव ठाऊक असते ते आंबेडकरांना हरवणारा म्हणून. जेत्याच्या नावाला पराभूताने आधार द्यावा, असा हा प्रकार आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, 'अहो, आंबेडकरांचे उदाहरण काय देता? ते कशानेही कोशात आलेच असते.' बरोबर. मला नेमके हेच म्हणावयाचे आहे. त्यांच्यावरची नोंद लिहिताना १९५२ आणि १९५४ ह्या दोन्ही ओळी वगळल्या तरी नोंद उभी राहते. पराभवाने ती बिघडत नाही आणि विजयाने ती अधिक झाली नसती. कोशात कोणाला घ्यावे ह्याची साधी परीक्षा मला तरी हीच वाटते: त्या माणसाच्या चरित्रातली निवडणुकीची ओळ खोडून टाकावी आणि खाली काय उरते ते पाहावे.

ही परीक्षा घरच्याच माणसावर करून पाहू. आमचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा ह्या नावाने ओळखला जाई. त्या कुलाबा मतदारसंघातून पहिल्या लोकसभेत गेले ते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या घाटाला विरोध म्हणून १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, हे आमच्याकडच्या जुन्या पिढीला पाठ असे. पण हेच चिंतामणराव १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे होते, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ ह्यांनी त्यांना पाठिंबा दिला होता आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले, हे किती जणांना आठवते? त्या निवडणुकीत वराहगिरी वेंकट गिरी ह्यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ह्यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली.

येथे एक गंमत आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पसंतीक्रमाची पद्धत असते. त्यामुळे पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या मतपत्रिका पुन्हा उघडून त्यांवरची दुसरी पसंती पाहण्यात आली. देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीने रेड्डी एकदम वर आले, ४,०५,४२७ पर्यंत पोहोचले. गिरी ४,२०,०७७ वर निसटते निवडून आले. म्हणजे काँग्रेस पक्ष दुभंगण्याला जी निवडणूक कारण झाली, तिचा निकाल हाती येण्यासाठी पडलेल्या उमेदवाराची मते दुसऱ्यांदा मोजावी लागली! ह्या निवडणुकीवर लिहिताना चिंतामणरावांना वगळणारा लेखक वाचकाला अर्धाच हिशेब दाखवतो. पण चिंतामणरावांवर लिहिताना मात्र ही निवडणूक दोन ओळींत आटोपली तरी चालेल. मॅगसेसे पुरस्कार मिळवणाऱ्या आणि कालिदासाच्या 'मेघदूता'चे मराठी भाषांतर करणाऱ्या माणसाच्या चरित्रात लिहिण्यासारखे इतर पुष्कळ आहे.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई ह्यासुद्धा १९५२ मध्ये लोकसभेला उभ्या राहून पडल्या होत्या. त्यानंतर त्या नियोजन मंडळावर गेल्या आणि १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्यांचा चिंतामणरावांशी विवाह झाला. पुढे १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. एकाच घरात दोन पडलेले उमेदवार आणि दोन पद्मविभूषणे! मतदारांनी नापास केलेल्यांना इतिहासाने वरच्या वर्गात घातल्याचे इतके नीटनेटके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

ही परीक्षा जिंकणाऱ्यांनाही लावता येते आणि लावावी. आमच्या पनवेलने दि. बा. पाटलांना १९५७ मध्ये प्रथम विधानसभेत पाठवले; ते पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झाले. पराभवही त्यांनी पाहिले. पण ह्या भागातला म्हातारा शेतकरी त्यांच्याविषयी सांगू लागला, की तो मतांचे आकडे सांगत नाही. तो जानेवारी १९८४ सांगतो. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर ह्यांसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे आंदोलन, उरण तालुक्यात झालेला गोळीबार, त्यात गेलेले पाच जण आणि मागाहून पदरात पडलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना. सातही विजय खोडून टाका, दि. बां.ची नोंद जागची हलत नाही. उलट, पाच वेळा निवडून येऊनही निवडून येण्यापलीकडे ज्यांच्याविषयी एक ओळ लिहिता येणार नाही, असे सभासद आपल्या विधिमंडळांनी काही कमी पाहिले आहेत काय? नावे मी लिहीत नाही. दिवाळी आहे.

जुन्या कोशकारांना ह्या प्रश्नाने फारसे छळले नसावे, कारण त्यांचा खरा शत्रू कागद होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' २३ विभागांत संपला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशाचे तीन खंड केले आणि १९४६ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडात १८१८ पासूनचा अर्वाचीन काळ बसवला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या देखरेखीखाली झालेल्या 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. ह्या मंडळींना एकाला आत घ्यावयाचे म्हणजे दुसऱ्याला बाहेर ठेवणे भाग होते. पाने मोजलेली, छपाईचे पैसे मोजलेले. आता कागदाचा अडसर गेला. मग कोणी विचारील, की जागा फुकट आहे, तर घाला की सगळ्यांना! तुमचे काय जाते?

विकिपीडियाने, निदान त्याच्या इंग्रजी आवृत्तीने, ह्याला एक उत्तर दिलेले आहे. देशाच्या वा राज्याच्या कायदेमंडळाचा सभासद हा नोंदीस पात्र धरावा. नुसता उमेदवार तसा धरू नये. त्याच्याविषयी स्वतंत्र आणि विश्वसनीय साधनांत भरपूर लिहिले गेले असेल, तरच त्याचा विचार व्हावा. हा नियम वरकरणी विजेत्यांचा पक्षपाती दिसतो. काही अंशी तो आहेही. पण त्यामागे विचार आहे. जो निवडून आला त्याने सत्तेचा अंश हाती घेतला; कायद्यांवर मत दिले, सभागृहात बोलला किंवा तोंड मिटून बसला, आणि ह्या दोन्हींची दप्तरी नोंद राहिली. त्याचा हिशेब पाहण्याचा लोकांना हक्क आहे. पडलेल्याच्या हाती आपली सत्ता आपण दिलीच नाही. मग त्याचा हिशेब कसला मागावयाचा?

ह्या नियमाचे सुखदुःख मला गेल्या वर्षी जवळून पाहावयास मिळाले. पनवेलमधलेच एक गृहस्थ माझ्याकडे एक जाडजूड फाइल घेऊन आले. त्यांचे वडील दोनदा विधानसभेला अपक्ष उभे राहिले होते आणि दोन्ही वेळा अनामत गमावून बसले होते. 'सर, तुम्ही मराठीचे. अण्णांवर कोशात एक नोंद लिहून द्या,' असे त्यांचे म्हणणे. फाइल मी दोन दिवस ठेवून घेतली. वरच्या निम्म्या भागात निवडणुकीचे सामान होते: पिवळी पडलेली हस्तपत्रके, चिन्हाचा ठसा, प्रचारसभेचे दोन धूसर फोटो आणि स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणे. त्या कात्रणांत अण्णांच्या विचारांविषयी चार ओळीही नव्हत्या. पण विरोधकांनी केलेला एक आरोप मात्र तीन ठिकाणी होता, की हा माणूस दुसऱ्याच्या पैशाने मते खाण्यासाठी उभा राहिला आहे. आरोप सिद्ध झाला नव्हता आणि खोडलाही गेला नव्हता. निवडणूक संपली, तसे सगळेच त्याला विसरले.

फाइलीच्या तळाशी मात्र एक लांबट वही होती. मिठागरांवर काम करणाऱ्या मजुरांच्या थकलेल्या मजुरीच्या तक्रारी अण्णांनी वर्षानुवर्षे तिच्यात टिपून ठेवल्या होत्या. नाव, आगर, किती दिवसांचे पैसे थकले, कोणाला अर्ज केला, उत्तर काय आले. अक्षर गिचमिड, पण एकही रकाना रिकामा नाही.

'म्हणजे अण्णा पडले म्हणून त्यांची नोंद होणार नाही, असेच ना?' चिरंजिवांनी विचारले.

'पडले म्हणून नव्हे,' मी म्हणालो, 'आणि उभे राहिले म्हणूनही नव्हे. ह्या वहीवर आधी कोणी तरी लेख लिहिला पाहिजे. मिठागरांच्या मजुरीचा अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी तुम्हाला शोधावा लागेल. तो लिहील, छापील, आणखी कोणी ते तपासील. मग कोशाचे पाहू.'

'त्याला दहा वर्षे लागतील, सर.'

'लागतील,' मी म्हणालो.

गृहस्थांना हे उत्तर आवडले नाही. फाइल उचलताना त्यांनी वही वर ठेवली, एवढेच मी पाहिले.

मी ती नोंद त्या दिवशी लिहून दिली असती, तर काय झाले असते? माझ्याजवळ छापील पुरावा होता तो निवडणुकीचा आणि आरोपाचा. म्हणजे अण्णांच्या नावाने जगाला कायमचे दिसले असते ते दोन पराभव आणि एक संशय. वर्तमानपत्रातला आरोप रद्दीबरोबर जातो. कोशातला जात नाही, तो नातवंडांच्या लग्नाच्या वेळीही शोधला की सापडतो. आजच्या उमेदवाराची तर ह्याहून वाईट अवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि आपल्यावरचे खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. मतदाराच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट झाली. पण एखाद्या सामान्य उमेदवाराविषयी एवढा एकच अधिकृत कागद असला आणि कोणी त्यावरून त्याचे चरित्र रचले, तर ते कसे दिसेल? वय इतके, दागिने इतके तोळे, बँकेचे कर्ज इतके, मोर्चात भाग घेतल्याचा खटला एक, मते इतकी, अनामत जप्त. असे चरित्र शत्रूचेही लिहू नये. कोशात नाव येणे म्हणजे सन्मानच, असे आपण धरून चालतो. ज्याच्या आयुष्याचा चांगला भाग कोठेच छापला गेलेला नाही, त्याला ही नोंद चावडीवर उभे केल्यासारखी आहे.

ह्या सगळ्या युक्तिवादावरचा एक आक्षेप मात्र मला झटकून टाकता येत नाही. ज्यांच्याविषयी छापले जाते तेच कोशात येणार असतील, तर ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही त्यांनी काय करावे? पैसा नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्रात ओळखीचा कोणी नाही, अशा बाया, दलित कार्यकर्ते, आदिवासी पाड्यांवरचे तरुण हेच बहुधा पडणाऱ्यांत असतात. सत्तेने त्यांना दारात उभे केले नाही आणि आता कोशही दार लावून घेणार! ह्या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून उमेदवारीलाच पात्रता मानले, तर पुन्हा मतपेटीच प्रमाण ठरते. आणि ज्या बाईने गावात तीस वर्षे काम केले पण कधी निवडणुकीचा अर्ज भरला नाही, ती तशीच बाहेर राहते. हे काम कोशाच्या आधी स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांचे, महाविद्यालयांतल्या संशोधकांचे आहे. ते आम्ही पुरेसे करीत नाही, आणि मग कोशाला दोष देतो.

स्वतंत्र नोंद नको, म्हणजे नावच नको, असे मात्र नव्हे. माझी खरी तक्रार आहे ती निकालाचे तक्ते कापून छापणाऱ्यांविषयी. आपल्या गावांच्या इतिहासांत, स्मरणिकांत, जिल्ह्यांच्या पुस्तकांत विजेत्याचे नाव आणि पक्ष दिला की काम संपले असे मानतात. दुसरा कोण, तिसरा कोण, किती मते? पत्ता नाही. जिंकणारा दोनशे मतांनी जिंकला की चाळीस हजारांनी, हे पडलेल्याच्या आकड्यावाचून कसे कळावे? तक्ता पुरता छापावा, शेवटच्या उमेदवारापर्यंत. १९५२ च्या पहिल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा तक्ता असा पुरता छापलेला सापडतो, म्हणून तर आपल्याला कळते, की डॉ. राजेंद्रप्रसादांच्या विरुद्ध चार जण उभे होते. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मते. दुसरे खुशाल तलकशी शहा, ९२,८२७; हे अर्थशास्त्राचे पंडित, घटना समितीचे सभासद, घटनेत 'सेक्युलर' हा शब्द घालावा म्हणून १९४८ मध्ये झगडलेले. त्यांची नोंद कोणताही कोश करील, आणि ती ह्या ९२,८२७ मतांसाठी नव्हे. त्यांच्या खाली लक्ष्मण गणेश थत्ते, २,६७२. मग चौधरी हरी राम, १,९५४. शेवटी कृष्णकुमार चटर्जी, ५३३.

नावावरून आपलाच वाटणारा हा थत्ते आडनावाचा मनुष्य राजेंद्रबाबूंच्या विरुद्ध उभा राहिला होता, हे मी प्रथम वाचले तेव्हा क्षणभर मौज वाटली. त्या एका ओळीवरून त्यांचे चरित्र रचावयाला मी धजणार नाही. पण ती ओळ कोणी जागेअभावी गाळली, तर मात्र मी भांडावयास उठेन.

आणि कधी कधी पडलेल्यांची संख्या हीच घटना असते. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे होते. एकट्या मतदारसंघात! ह्यांतले बहुसंख्य सीमाभागातले मराठी लोक होते. निवडून येण्यासाठी त्यांनी अर्ज भरलेच नव्हते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून त्यांनी पडण्यासाठी अर्ज भरले होते. आंध्रात नलगोंड्यालाही त्या वर्षी असेच शेकडो उमेदवार उभे राहिले आणि तामिळनाडूत विधानसभेच्या मोडकुरिची मतदारसंघात तर १,०३३. परिणाम असा झाला, की १९५१ च्या कायद्यापासून जी लोकसभेची अनामत ५०० रुपयांवर होती, ती त्याच वर्षी कायदा बदलून १०,००० करण्यात आली आणि अपक्षांना एकाऐवजी दहा सूचक आणण्याची अट घालण्यात आली. २००९ मध्ये ती रक्कम २५,००० झाली. देशाच्या निवडणूक कायद्यात बदल घडवून आणणे पुष्कळ निवडून आलेल्या खासदारांना जन्मात जमत नाही.

बेळगावच्या त्या ४५५ पराभूतांपैकी एकेकाची स्वतंत्र नोंद कोणी मागितली, तर मी नाहीच म्हणेन. सीमाप्रश्नावरच्या नोंदीत त्या निवडणुकीला मात्र चांगला परिच्छेदभर जागा द्यावी. आणि ती मतपत्रिका कोणाच्या घरी जपून ठेवलेली असेल, तर त्या परिच्छेदाशेजारी तिचे छायाचित्र छापावे. नावे वाचावयास भिंग लागले तरी चालेल.